चाळीस पौंडांची पेटी

यंदा पावसानं तायड्यांचा अंत पाहिला. सप्टेंबर सरता सरता जो लागला तो तीन आठवडे हटला नाही. चाळीस एकर रताळी जमिनीत तयार होऊन बसलेली, आणि ट्रॅक्टर वावरात घालावा तर चाकं रुतायची. भानुदास रोज सकाळी गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून बांधावर जायचा, एक रताळं उकरायचा, नाकाशी धरायचा आणि परत यायचा. नासल्याचा वास आला नाही म्हणजे तो दिवस चांगला. अंजना दारातूनच त्याच्या चालीवरून ओळखायची आणि मग चहा टाकायची.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून गाडीनं सव्वा तास पूर्वेला गेलं की घरांच्या रांगा संपतात, पाइनची राई लागते आणि तंबाखूची पडकी गोदामं दिसायला लागतात. तिथं तायड्यांचं वावर. सहा वर्षांपूर्वी भानुदासनं बियाणं कंपनीतली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ही जमीन घेतली, तेव्हा ओळखीच्या मंडळींनी त्याची यथेच्छ थट्टा केली होती. लोक वावर सोडून अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसायला येतात, हा गडी अमेरिकेत येऊन ट्रॅक्टरवर बसला, असं जो तो म्हणायचा.  पण मेहकरकडच्या भानुदासच्या गावात तायड्यांपैकी कोणाच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. आजा, बाप, चुलते सगळे दुसऱ्याच्या वावरात वाकलेले. इथं काउंटीच्या कचेरीत नाव लागलं त्या दिवशी त्यानं तो कागद अंजनाच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा नुसता धरून बसली.

जमीन नावावर झाली, पण मालावर नाव येईना. सहा वर्षं त्यांची रताळी पलीकडच्या गावातला मोठा पॅकर उचलायचा, धुऊन आपल्या पेट्यांत भरायचा आणि आपला शिक्का मारून पाठवायचा. एकदा राले शहरातल्या देशी दुकानात अंजनाला आपल्या वावरातली रताळी दिसली. तो रंग, ती दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी ठेवण, तिनं ती डोळे मिटूनही ओळखली असती. ती गल्ल्यावरच्या बाईला म्हणाली, "ही आमची आहेत." बाईनं पेटीवरचा पॅकरचा शिक्का पाहिला, अंजनाकडं पाहिलं, आणि लहान मुलीशी हसावं तशी हसली. अंजनानं दोन पौंड रताळी घेतली आणि मुकाट्यानं बाहेर पडली. ते हसू तिच्या मनातून काही गेलं नाही.

म्हणून यंदाची गोष्ट वेगळी होती. कॅरिबियन समुद्रात सेंट ऑरेल नावाचं एक बेट आहे. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. ऑगस्टमधल्या वादळानं तिथल्या डोंगरउतारावरची रताळी वेलांसकट धुऊन नेली. तिथं रताळं म्हणजे रोजचं जेवण, शाळेतल्या पोरांच्या ताटातसुद्धा तेच. एरवी ते सरकार बाहेरचं रताळं बेटाला शिवू देत नाही. या वर्षी त्यांनी दार किलकिलं केलं, तेही मोजून. अमुक इतका माल, अमुक तारखेच्या आत. त्यानंतर डोंगरावरची नवी लावण काढणीला येणार आणि दार बंद.

ही बातमी शोधून काढली जागृतीनं. जागृती म्हणजे यांची एकुलती एक लेक, रालेत जन्मलेली, शेतकी कॉलेजातून शिकून आलेली. बापाचं डोकं आणि आईची जीभ, असं तिच्याबद्दल म्हणायला हरकत नाही. तिनं महिनाभर ईमेल केले, फॉर्म भरले, फोनवर तासन्‌तास वाट पाहिली, आणि एका सकाळी ओरडतच आली, "आई, परमिट आलं! वन कंटेनर. आणि एक्स्पोर्टरच्या जागी काय लिहिलंय बघ."

तिथं 'तायडे फार्म' लिहिलं होतं.

परमिटसोबत अटींची चार पानं होती. मालाला मातीचा कण नको. पान नको, वेल नको. सोंडेचा भुंगा ज्या भागात सापडतो त्या भागातला माल नको. पेट्या कोऱ्या हव्यात, खालची लाकडी पॅलेटं भट्टीत तापवून शिक्का मारलेली हवीत. एक हजार पेट्या, प्रत्येकीत चाळीस पौंड. आणि पुरवठादार नवा असल्यानं बेटाच्या शेतीखात्याची अधिकारी स्वतः येऊन माल बघणार. तिची सही झाली तरच कंटेनरला सील लागणार. ती नको म्हणाली तर यंदाचं दार तर बंदच, शिवाय तायड्यांचं नाव यादीतून कायमचं खोडलं जाणार.

ऑक्टोबरच्या मध्यावर ऊन पडलं. मग घरात पलंग असतात हे घर विसरूनच गेलं. ट्रॅक्टर माती उलटवत पुढं जायचा आणि मागून मजूर ओणवे होऊन रताळी वेचायचे. मजूर मेक्सिकोहून हंगामापुरते आलेले, सहा जण. त्यांच्या जोडीला भानुदास, जागृती आणि शनिवार-रविवारी राकेश. राकेश हा भानुदासचा भाचा, मॉरिसव्हिलला सॉफ्टवेअरमध्ये. दर शुक्रवारी संध्याकाळी "जय भीम, मामी, आलो मरायला," म्हणत यायचा आणि रविवारी पाठीला मलम लावून परत जायचा. पण यायचा, हे महत्त्वाचं. काढलेला माल आठवडाभर उबेच्या खोलीत ठेवून त्याची साल पिकवून घट्ट करायची, मग धुवायचा, निवडायचा, भरायचा. धुणं आणि भरणं हे अंजनाचं राज्य.

शेडमध्ये ती पहाटेपासून उभी असायची. चिखलानं यंदा रताळ्यांच्या खाचाखाचांत घर केलं होतं. पट्ट्यावरच्या फवाऱ्यानं तो निघेना, म्हणून ती मऊ ब्रश घेऊन एकेक रताळं फिरवून बघायची. जास्त घासलं तर साल जाते, कमी घासलं तर माती राहते. रताळ्याचा चीक बोटांना लागून बोटं काळी पडली होती आणि पाण्यानं पांढरी सुरकुतली होती, म्हणजे एकाच हातावर दोन्ही रंग. अकरा वर्षं तिनं इस्पितळाच्या लॅबमध्ये हातमोजे घालून रक्ताच्या नळ्या सांभाळल्या होत्या. पण हातांचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

भरताना काट्यावर पेटी ठेवायची. चाळीसला हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की पेटी बाजूला सरकायची, आणि सरकता सरकता अंजना त्यात वरून आणखी एक रताळं ठेवायची. कधी दोन. मजुरांनाही तिनं तेच शिकवलं होतं. स्पॅनिशमधले तिला येत होते ते दोनच शब्द, "उनो मास." आणखी एक. दिवसभर शेडमध्ये तिचं "उनो मास, उनो मास" चालायचं आणि मजूर हसून वर एकेक ठेवत जायचे. भानुदास ट्रॅक्टरवर, जागृती कागदांत. हे कोणाला सांगण्यासारखं आहे असं अंजनाच्या मनातही आलं नाही. आपण श्वास घेतो हे कोणी सांगतं का!

बुधवारी सकाळी अधिकारी बाई आली. मिस ऑगस्टिन. उंच, सडसडीत, केसांत पांढऱ्या बटा डोकावणारी, पायांत घरून आणलेले रबरी बूट. ते बूट तिनं गाडीतून उतरल्यावर आधी स्वतःच जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले आणि मगच शेडमध्ये पाय टाकला. भानुदासच्या डोळ्यांत तिथंच आदर उतरला.

बाईनं दोन तास माल बघितला. भिंग लावून खाचा बघितल्या, दहा-बारा रताळी कापून आत भुंग्याची वाट शोधली, पांढऱ्या कागदावर पेटी आपटून माती पडते का पाहिलं. कागद कोरा राहिला. पॅलेटांचे शिक्के वाचले. एका पेटीच्या कोपऱ्यात अर्ध्या नखाएवढं वाळकं पान सापडलं, ते चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं आणि पुढची पेटी उघडली. शेवटी म्हणाली, "मिसेस तायडे, एवढा स्वच्छ माल मी मियामीतही पाहिला नाही." ती इंग्रजीच बोलत होती, पण बेटाचा हेल असा होता की वाक्य संपता संपता झोका घ्यायचं.

 अंजना म्हणाली, "चहा घेऊ या."

"आधी वजन," मिस ऑगस्टिन म्हणाली.

पहिली पेटी काट्यावर चढली. एकेचाळीस पूर्णांक सहा. बाईनं काटा शून्यावर आणला, सोबत आणलेलं वजन ठेवून तपासला आणि दुसरी पेटी ठेवली. एकेचाळीस पूर्णांक चार. तिसरी, बेचाळीस. दहा पेट्या झाल्या. एकही चाळीसला थांबली नाही.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "पेट्या चुकीच्या आहेत."

"जास्त आहेत," अंजना चटकन म्हणाली. "कमी एकही नाही. हव्या तेवढ्या मोजा."

"तेच म्हणतेय मी. जास्त आहेत. परमिट चाळीस हजार पौंडांचं आहे. तुम्ही वर पाऊण टन पाठवताय. हा माल मी पास करू शकत नाही."

राकेशनं त्या आठवड्यात सुट्टी टाकली होती. त्यानं लगेच फोनवर हिशेब केला. "मॅम, सिंपल आहे. चाळीसेक पेट्या कमी पाठवतो. टोटल जुळेल."

"पेटीवर काय छापलंय?" बाईनं विचारलं. "आमच्याकडं शाळांना माल पेटीनं वाटला जातो. एका शाळेला चार, एका शाळेला सहा. पेटी म्हणजे चाळीस. ती बेचाळीस झाली तर माझ्या कागदावर काही खरं राहत नाही. शुक्रवारी दुपारी ट्रक येणार ना? तोपर्यंत मी इथं आहे." ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि वहीत लिहायला लागली.

जागृती आईकडं वळली. "आई, हाऊ डिड धिस हॅपन? दिवा चाळीसलाच लागतो ना?"

 अंगावरचा प्लॅस्टिकचा एप्रन काढून अंजनानं खुंटीला अडकवला आणि वावराकडं चालती झाली.

भानुदास तिच्यामागं गेला. वावराच्या कडेला, उकरलेल्या सरींवर ती उभी होती. वारा सुटला होता आणि वाळलेले वेल सरकत होते.

"चोर म्हणाली ती मला," अंजना म्हणाली.

"चोर नाही म्हणाली. मापात नाही म्हणाली."

"एकच झालं."

 असं का, ते भानुदासला माहीत होतं. अंजनाची आई सुलेखाबाई सुगीत दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायची आणि संध्याकाळी मजुरी धान्यात मिळायची. मालकाचा माणूस पायली भरायचा आणि मापाच्या तोंडावरून हात असा सपाट फिरवायचा की काठावर दाणा राहू नये. कधी कधी तर त्याची बोटं जरा आतही जायची. सुलेखाबाई पदर पसरून उभी असायची. बोलायची सोय नव्हती. पण परसातली मेथी, वांगी घेऊन ती बाजारात बसली की तिचं माप शिगेला जायचं. गिऱ्हाइकानं पुरे म्हटलं तरी वर मूठभर पडायचंच. लहान अंजनाला ती सांगायची, आपल्या हातून सपाट माप जायचं नाही, जाईल ते शीग लावून. सुलेखाबाई जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या लेकीनं तो शब्द सातासमुद्रापलीकडं आणून इथल्या काट्यावर चालवला होता.

"माझ्या आईचं माप आहे ते," अंजना म्हणाली. तिनं एक वाळका वेल ओढून बांधावर भिरकावला. "सपाट भरून देऊ? मी? मला नाही जमायचं. त्या पॅकरलाच देऊन टाका सगळं. त्याच्या शिक्क्यानं जाऊ दे."

"असं बोलून राहिली तू?" भानुदास म्हणाला. एवढंच. त्याचा आवाज चढला नाही, पण अंजनानं मान खाली घातली. सहा वर्षं तिनंच या नावाचा ध्यास घेतला होता.

मागून बुटांचा आवाज आला. मिस ऑगस्टिन सरीवरून पाय सांभाळत येत होती. भाषा कळली नसली तरी भांडण कशावरून आहे ते कळायला बाईला वेळ लागला नसावा.

"मिसेस तायडे, तुम्ही ते मुद्दाम घालता ना? वरचं एक?"

अंजनानं मग सांगितलं. इंग्रजीत, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. पायली, सपाट हात, आईचा पदर.  ऐकून झाल्यावर बाई वाकली, सरीतली माती बोटांत घेऊन चुरडली आणि खाली टाकली. मग खिशातून रुमाल काढून बोटं एक एक करून पुसली.

"माझा भाऊ डोंगरावर रताळी लावतो," ती म्हणाली. "वादळात त्याचं सगळं गेलं. सप्टेंबरात त्यानं पुन्हा वेल लावले. हातानं, कुदळीनं, कारण तिथं यंत्र चढत नाही. जानेवारीत त्याचा माल निघेल. किती निघेल सांगू? सगळा मिळून पाऊण टन. आम्ही खात्यात बसून महिनाभर भांडलो, बेटाला किती कमी पडतंय आणि किती आणायचं यावर. पौंड न्‌ पौंड मोजला. कारण त्याहून जास्त आलं तर ते गोदामात उरतं, आणि जानेवारीत माझ्या भावाकडं कोणी फिरकत नाही. तुम्ही वर घातलंत ते तुमच्या दृष्टीनं दान आहे. पण ते जाऊन पडणार त्याच्या वावरावर."

अंजनाला आईचं बाजारातलं माप आठवलं.

बाजारात समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मूठभर मेथी टाकणं वेगळं. त्या गिऱ्हाइकाचं तोंड दिसतं. इथं मूठ कुठं पडते ते दिसतच नव्हतं, आणि ती पडत होती कुदळीनं डोंगर खणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. सपाट हात फिरवणाऱ्यानं तिच्या आईचं घेतलं होतं. आणि आपण, शीग लावणारे, या बाईच्या भावाचं घेत होतो. तेही पुण्य समजून. अंजनाला मनातल्या मनात शरम वाटली, आणि त्या शरमेबरोबर एक ताकदही आली. चूक आपली आहे म्हणजे ती सुधारणंही आपल्याच हातात आहे.

"किती वाजले?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"साडेअकरा."

"चला मग."

हजार पेट्या. प्रत्येक पॅलेटवरचा प्लॅस्टिकचा पडदा कापायचा, पेटी उतरवायची, झाकण उघडायचं, वजन जुळवायचं, झाकण लावायचं, पुन्हा रचायची. वरचं एक रताळं काढलं की काम झालं, असं राकेशला वाटलं होतं. पण रताळी काही साच्यातून काढलेली नव्हेत. एक काढलं तर एकोणचाळीस पूर्णांक सात, ठेवलं तर एकेचाळीस. मग मोठं काढून धाकटं घालायचं, लांबट काढून गोल घालायचं. बाईनं अर्ध्या पौंडाची सूट आहे म्हणून सांगितलं होतं. अंजनानं ती नाकारली.

"चाळीस म्हणजे चाळीस," ती म्हणाली. "सूट कशाला हवी?"

"मामी, यार, तिचाच रूल आहे ना, अर्धा पौंड चालतो!" राकेश कळवळला. त्याच्या तळहाताला फोड आला होता.

"तिच्या रूलमध्ये चालतो. माझ्या शेडमध्ये नाही चालत."

जागृतीनं हसू दाबलं आणि पुढची पेटी सरकवली. मजुरांना मात्र काही कळेना. दोन आठवडे आणखी एक, आणखी एक म्हणणारी बाई आज काढा म्हणत होती. अंजनानं जागृतीकडून नवा शब्द घोकून घेतला, "मेनोस." कमी. मजुरांतला सगळ्यांत वयस्कर होता त्यानं कपाळाला हात लावला, आभाळाकडं पाहिलं आणि कामाला लागला. बाकीचे पोट धरून हसले, आणि त्या हसण्यानं शेडमधला ताण जरा सैल झाला.

बुधवारी अंधार पडेपर्यंत अडीचशे पेट्या झाल्या. गुरुवारी उजाडताच सुरुवात. दुपारपर्यंत अंजनाच्या उजव्या खांद्यात कळ भरली, तिनं डाव्या हातानं उचलायला सुरुवात केली. भानुदासनं सगळ्यांसाठी खिचडी टाकली, ती खाली लागली, तरी सगळ्यांनी खाल्ली. मिस ऑगस्टिनही ताटली घेऊन ओट्यावर बसली आणि करपलेला भाग आधी संपवला. तिला भरण्याच्या कामाला हात लावायची मुभा नव्हती. पण दिवसा ती मोटेलवर गेलीच नाही. दोन्ही दिवस तिथंच बसली आणि मधून मधून उठून एखादी पेटी काट्यावर ठेवून बघत राहिली.

गुरुवारी दुपारनंतर एक गोष्ट घडली. अंजना पेटी उचलायची, काट्यावर ठेवण्याआधी क्षणभर थांबायची, आणि हातानंच एक रताळं बदलायची. मग काट्यावर ठेवली की चाळीस. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग जागृतीच्या लक्षात आलं, तिनं राकेशला कोपरानं ढोसलं. दोघं मोजत राहिले. सलग एकवीस पेट्यांत अंजनाला काट्यावर काही बदलावं लागलं नाही.

"आई, हाऊ आर यू डूइंग धिस?"

"मला काय माहीत. हात सांगतो."

हात खरंच सांगत होता. जड पेटीत दंड जरा जास्त ताणायचा, हलकीत कोपर उगीच वर यायचं. चाळीस असलं की अंगात कुठंच काही खुपायचं नाही. अंजनाला गंमत वाटली. शिगेचं माप म्हणजे आईची आठवण. हे माप तिचं स्वतःचं होतं, या शेडमध्ये, या वयात, या हातांनी मिळवलेलं.

शुक्रवारी बाराच्या सुमाराला शेवटची पेटी बंद झाली. शेडच्या कोपऱ्यात काढलेल्या रताळ्यांचा ढीग साचला होता, मजुरांच्या कंबरेएवढा. ट्रक आवारात शिरला. ड्रायव्हर खाली उतरला, हातातले कागद हलवत शेडमध्ये आला आणि अंजनाच्या ओल्या एप्रनवरून नजर फिरवून म्हणाला, "बॉस कुठाय?"

भानुदास काट्याजवळच उभा होता. त्यानं अंजनाकडं हात केला. ड्रायव्हरनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि कागद तिच्यापुढं धरले.

मिस ऑगस्टिननं मात्र घाई केली नाही. तिनं पॅलेटांमधून फिरून पंचवीस पेट्या निवडल्या, त्याही आतल्या रांगेतल्या, खालच्या थरातल्या. राकेशला आणि मजुरांना पुन्हा पॅलेटं फोडावी लागली. एकेक पेटी काट्यावर चढत होती आणि बाई वहीत आकडा लिहीत होती. अंजना हात पाठीमागं बांधून उभी होती. एकही पेटी रतीभर इकडं की तिकडं नव्हती. पंचविसावीला बाईनं वही मिटली.

तिनं फॉर्म काढला, तीन ठिकाणी सह्या केल्या. "पॅकिंगची जबाबदारी कोणाची? सही लागेल."

"हिची," भानुदास म्हणाला.

अंजनानं काळ्या पडलेल्या बोटांनी पेन धरलं. कागदाला डाग लागू नये म्हणून मनगट उचलून तिनं सावकाश नाव लिहिलं. अंजना भानुदास तायडे. कंटेनरचं दार ओढलं गेलं, सील लागलं. ड्रायव्हर निघाला आणि वळणावर दिसेनासा होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

बाई आपले बूट पुन्हा पाण्यात बुडवून धूत होती. अंजना जवळ गेली. "पुढच्या वर्षी तुम्हाला लागलं तर परत या. तेव्हा न करपलेलं जेवण घालीन."

"पुढच्या वर्षी मी येणार नाही," मिस ऑगस्टिन म्हणाली.

अंजनाचा चेहरा उतरला. दोन दिवस एवढी हाडं झिजवून शेवटी नाव खोडलंच की काय!

बाईनं बूट पिशवीत घातले आणि कंबर सरळ केली. "नव्या पुरवठादारासाठी मी येते. ज्याचा माल मोजून घ्यावा लागतो, त्याच्यासाठी येते. आमच्याकडं दुसरी एक यादी आहे. लहानशी आहे, चार-पाच नावांची. त्यांनी नुसता कागद पाठवायचा. खाली त्यांची सही असली की आम्ही बंदरावर पेटी उघडत नाही. मी परत गेल्यावर त्यात एक नाव घालणार आहे. फार्मचं नाही. तुमच्या सहीचं."

तिनं अंजनाचा हात हातात घेतला, दाबला आणि गाडीकडं गेली.

अंजना परत शेडमध्ये आली. भानुदास पाण्याच्या पाइपनं पट्टा धूत होता, जागृती रिकाम्या पॅलेटांवर पाय सोडून बसली होती, राकेश सरळ जमिनीवरच आडवा झाला होता.

"काय म्हणाली?" भानुदासनं विचारलं.

अंजनानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला आणि तिनं तो फुटू दिला. भानुदासच्या हातातला पाइप सुटला, पाणी त्याच्या बुटांवरून वाहत राहिलं आणि त्याला ते कळलंही नाही. जागृती उठून आली आणि आईचा काळा हात उलटासुलटा करून बघायला लागली.

"एका देशानं तुझ्या सहीवर दार उघडं ठेवलंय, आई," ती म्हणाली, आणि या वेळी ती सगळं मराठीत बोलली.

"देश एवढासा आहे," अंजना म्हणाली.

"असू दे ना," भानुदास म्हणाला. "आहे तर देशच."